गाडीचा हीटर उघडण्याआधीची जमवाजमव (आणि एअर काढायला अर्धा दिवस)

पाने, पक्कड, फडकी, टॉर्च, बादली यांबद्दल बोलत बसत नाही. यादीत पहिली ओळ लिहायची ती ही : काम संपल्यावर एअर, म्हणजे कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) नळ्यांत अडकलेली हवा, काढायला अर्धा दिवस मोकळा. मागच्या खेपेला माझ्याकडे बाकी सगळं होतं, वेळ तेवढा नव्हता. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) नवा, हीटर कोर (डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर, ज्यातून गरम कूलंट फिरतं) स्वच्छ, आणि आत वारा आधीपेक्षा गार.

ज्यांना वाटतं की महाराष्ट्रात हीटर लागतोच कुणाला, त्यांनी एकदा जानेवारीत पहाटे निफाडकडून जावं. नाहीतर पावसाळ्यात बिनएसीची मारुती ८०० घेऊन घाट चढावा. समोरची काच आतून धुरकटली की तो कोमट वाराच कामाला येतो.

सामान आणायच्या आदल्या दिवशी गाडी पंधरावीस मिनिटं चालवा, हीटरचा दांडा पूर्ण गरमवर ठेवा, इंजिन बंद करा आणि कोरकडे जाणारे दोन्ही होज पाइप जपून चाचपा. दोन्ही चांगले तापलेत तर पाण्याचा दोष नाही. आतली झडप, तिची केबल किंवा ब्लोअर बघा. एक गरम, एक गार : हीटर कॉक (कोरकडे जाणारं कूलंट सोडणारी तोटी) उघडत नाही, कोर चोंदलाय किंवा त्यात एअर धरलीय. दोन्ही कोमट, तर कूलंट कमी आहे किंवा थर्मोस्टॅट गेलाय. आपल्याकडे 'गेलाय' म्हणजे बहुतेकदा अक्षरशः गेलेला असतो. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून कुणीतरी तो काढून टाकतो, तो बसतो ते घर तसंच बंद करतो आणि मालकाला सांगतही नाही. मग तापमानाचा काटा तळ सोडत नाही, इंजिन कायम थंड चालतं, पेट्रोल जास्त खातं, हीटर नावालाच उरतो. घर उघडल्याशिवाय हे कळत नाही, म्हणून थर्मोस्टॅट आणि त्याचं गॅस्केट (सांधा गळू नये म्हणून बसवतात ते) आधीच आणून ठेवा. ८००चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, पण असले भाग अजून मिळतात. आणलेला थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पाण्यात उकळून बघा. साधारण ८२ किंवा ८८ अंशांना तो उघडायला लागतो, आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो. पातेलं स्वयंपाकाचं नको. बसवताना त्यावरची बारीक हलणारी पिन वरच्या बाजूला ठेवा. ते भोक एअर निघण्यासाठीच असतं.

होजचा जुना तुकडा दुकानात घेऊन जा, व्यास डोळ्यांनी ठरवू नका. नवा होज हवाच, कारण जुना कोरच्या नळीला चिकटून बसलेला असतो. तो पिळून ओढलात तर नळीच हातात येईल. ब्लेडने उभा चिरा. क्लिपाही नव्या. आधीच्या कुणी यू-आकाराचा पाइप लावून हीटर बायपास केला असेल तर खूश होऊन लगेच जोडू नका. कोर गळत होता म्हणूनच हे केलेलं असणार. आत गोडसर वास, काचेवर तेलकट थर, डॅशबोर्डखालचं कार्पेट ओलं, यातलं काही असेल तर कोर बदला, धुण्यात दम घालवू नका. धुवायचाच असेल तर बागेचा पाइप, मंद धार, आणि उलट्या दिशेने. सर्व्हिसिंगवाल्याची प्रेशर गन अजिबात नको.

कूलंट मॅन्युअलमधल्या मापापेक्षा लिटरभर जास्त घ्या. डब्यावर काय लिहिलंय ते वाचा : तयार मिश्रण असेल तर तसंच ओता, नाहीतर निम्मं डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीत घालतात तेच. नळाचं पाणी नको, कोर त्यानेच चोंदतो. जादा लिटर एअरसाठी. एअर निघाली की पातळी खाली जाते, आणि दुकान तेव्हा बंद असतं.

आता पुन्हा एअर. आधीच चढाची जागा हेरून ठेवा. गाडीचं नाक वर हवं. हीटरचा दांडा गरमवर. तो गारवर राहिला तर कॉक बंद, एअर कोरमध्येच आणि तुम्ही उगाच तासभर उभे. इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण काढा, भरा, चालू करा, वरचा होज दाबत राहा, बुडबुडे निघतील तसं भरत जा. ते थांबले की झाकण लावा, रेडिएटरचा फॅन एकदा फिरू द्या. मग बंद. पूर्ण गार होऊ द्या. पुन्हा भरा. पुन्हा सगळं. तापलेल्या इंजिनावर झाकण उघडणाऱ्याला मी काही सांगू शकत नाही. डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू येतेय? एअर आहे. बुडबुडे थांबतच नाहीत? मग हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं) गेलंय, हे काम आपलं नव्हे.

बाकी : केबलला तेल, ब्लोअरमधला पालापाचोळा, क्लिपा पुन्हा आवळणं. सांडलेलं कूलंट लगेच धुवा. गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात आणि मरतात.

दुसऱ्या सकाळी गार इंजिनावर पातळी बघा. उतरली असेल आणि खाली डाग नसेल, तर एअर अजून निघतेय. भरा आणि संध्याकाळी पुन्हा चढावर लावा.