चळवळीसाठी चित्र करताना

पोस्टर, भित्तिचित्र किंवा पथनाट्य हाती घेण्यापूर्वी चळवळीची नेमकी मागणी काय आहे आणि ती मान्य करण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे दोन वाक्यांत लिहून काढावे. ‘अन्याय थांबवा’ ही मागणी नव्हे. त्यावर कोणताही अधिकारी सही करू शकत नाही. मागणी नेमकी असली की चित्रात काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे ठरवणे पुष्कळ सोपे जाते.

त्यानंतर पुरावा गोळा करावा. ब्रिटनमधील गुलामांच्या व्यापाराच्या विरोधकांनी १७८८-८९ मध्ये ‘ब्रुक्स’ या जहाजाचा आराखडा छापून वाटला, तो यासाठी अवश्य पाहावा. १७८८ च्या कायद्याने त्या जहाजावर ४५४ गुलाम नेण्याची मुभा दिली होती. त्याआधीच्या एका सफरीत ६०९ नेले होते. कार्यकर्त्यांनी जहाजाची मोजमापे घेऊन, कायदा पाळूनसुद्धा माणसे कशी कोंबावी लागतात, एवढेच दाखवले. फळ्यांवर खांद्याला खांदा भिडवून निजवलेल्या चिमुकल्या काळ्या आकृत्या ओळीने मांडल्या आहेत. त्यात कोणी आक्रोश करत नाही, कोणी चाबूक उगारत नाही. संयमामुळेच ते चित्र खोडून काढणे अवघड गेले. तरीही तो व्यापार बेकायदा ठरवणारा कायदा संसदेत १८०७ मध्ये झाला, आणि मधल्या काळात सह्यांचे अर्ज, गुलामांच्या श्रमातून पिकलेल्या साखरेवरचा बहिष्कार आणि साक्षीपुरावे यांचे काम चालूच होते. म्हणून चित्राबरोबर लोकांनी पुढे काय करायचे, म्हणजे सही कोठे करायची किंवा सभा कधी आहे, हे त्याच कागदावर छापावे.

चित्र इतरांना सहज काढता येईल असे ठेवावे. ब्रिटिश कलावंत जेराल्ड होल्टम यांनी १९५८ मध्ये अण्वस्त्रविरोधी मोर्चासाठी केलेले चिन्ह एक वर्तुळ आणि तीन रेषांत संपते, त्यामुळे ते खडूनेही उमटते. स्वतःची शैली दिसावी हा मोह कलावंताला सुटत नाही (आणि तो समजण्यासारखा आहे), पण येथे तो आवरावा.

शक्य असल्यास लोकांनाच चित्र करू द्यावे. अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्समध्ये २१ सप्टेंबर १९८३ रोजी, लष्करी राजवटीत बेपत्ता केलेल्यांसाठी, तीन कलावंतांनी सुचवलेली रीत अगदी साधी होती: मोठा कागद जमिनीवर पसरायचा, एकाने त्यावर आडवे व्हायचे, दुसऱ्याने अंगाभोवती रेघ ओढायची आणि ती पोकळ आकृती भिंतीवर उभी चिकटवायची. आडवा झालेला माणूस काही क्षण बेपत्ता व्यक्तीच्या जागी असे. आकृत्या निनावी ठेवायच्या असे ठरले होते, तरी काहींवर लोकांनी आपणहून नावे लिहिली. असे बदल होऊ द्यावेत.

पीडितांचा चेहरा किंवा नाव वापरायचे असेल, तर त्यांची किंवा त्यांच्या कुटुंबाची संमती आधी घ्यावी. धोका त्यांना असतो, चित्रकाराला अनेकदा नसतो. मसुदा विषयाची माहिती नसलेल्या व्यक्तीला पाच सेकंद दाखवून काय समजले ते विचारावे आणि समजावून सांगण्याचा मोह टाळावा. चित्र लावल्यावर, लोक त्यासमोर उभे असतानाच, तारखेसह छायाचित्रे घेऊन ठेवावीत. सकाळपर्यंत भिंतीला नवा चुना लागलेला असू शकतो.