हवामान बदलावर माइकवर बोलणार असाल, तर आधी माझं चुकलेलं वाक्य ऐका

एप्रिल 2024. उजनी धरण कधीचंच मायनसमध्ये, म्हणजे उपयुक्त साठ्याच्याही खाली गेलेलं, नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, पारा 43 च्या पुढे. सोलापुरात रेडिओवरच्या सकाळच्या थेट कार्यक्रमात दोन गाण्यांच्या मध्ये मला दीड मिनिट मिळालं होतं. मी भरभरून बोलले, ‘श्रोतेहो, हा उन्हाळा म्हणजेच हवामान बदल. आता दरवर्षी असंच तापणार.’ काचेपलीकडून तंत्रज्ञाने अंगठा दाखवला. मला वाटलं, जमलं.

मग मे 2025 उजाडला आणि वळवाने सोलापुरात मुक्कामच ठोकला. केरळात मोसमी पाऊस 24 मेला पोचला, मुंबईत 26 मेला. रोहिणी निघायच्या आधी शेतांत पाणी. एका सकाळी मोहोळकडच्या एका कांदा उत्पादकाचा फोन थेट प्रक्षेपणात आला. ‘अक्का, तुम्हीच म्हणलाव की, आता दरवर्षी तापणार म्हणून. कांदा काढून उघड्यावरच ढीग घातला. ताडपत्री घेतली नाही. निम्मा सडला बघा.’ आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी काहीतरी बोलून गाणं लावलं आणि त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाही.

कांदा फक्त माझ्या वाक्यामुळे सडला नाही, हे मलाही कळतं. पण त्याने माझं ऐकलं होतं. माइकसमोर बसणाऱ्याला यापेक्षा मोठं काही मिळत नाही आणि मी ते वाया घालवलं.

तुम्ही या कामात नवीन असाल तर हवा म्हणजे आज-उद्याचं ऊन-पाऊस आणि हवामान म्हणजे 30 वर्षांची सरासरी, हा फरक तुम्हाला माहीत असेल. पॅरिस करार, तापमानवाढ दीड अंशावर रोखायचा प्रयत्न, हेही वाचलेलं असेल. मलाही होतं. पेपरात विचारलं असतं तर पैकीच्या पैकी मिळाले असते. चूक अज्ञानातून झाली नाही, ती घाईतून झाली. म्हणून त्या एकाच वाक्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तरी वाचा.

माझ्या वाक्याचे दोन तुकडे करा. ‘हा उन्हाळा म्हणजेच हवामान बदल’ हा पहिला. ‘आता दरवर्षी असंच’ हा दुसरा. दोन्ही चुकीचे आहेत आणि वेगवेगळ्या कारणांनी चुकीचे आहेत.

माझे वडील यंत्रमागावर होते, म्हणून मला हे मागावरच समजलं. मागाचा ताण बिघडला की निघणारी प्रत्येक चादर खराब होत नाही. चांगल्याही निघतात. पण आधी शंभरात दोन खराब निघत असतील तर आता दहा निघायला लागतात. त्यातली एक चादर उचलून ‘ही ताणामुळेच बिघडली’ असं छातीठोक सांगता येत नाही, कारण ताण ठीक असतानाही दोन बिघडतच होत्या. आणि पुढची प्रत्येक चादर खराबच निघेल असंही म्हणता येत नाही. मग खात्रीने काय म्हणता येतं? ताण बिघडलाय, कोणामुळे बिघडलाय आणि शेकड्यात खराबी वाढलीय. एवढंच. आणि हे ‘एवढंच’ खूप मोठं आहे, कारण शेवटी गिऱ्हाईक त्या शेकड्यावरच तुटतं.

पृथ्वीच्या मागाचा ताण कोळसा-तेल जाळून आपण बिघडवलाय, यात शास्त्रज्ञांना शंका नाही आणि ते बोलताना तुम्हीही चाचरू नका. 1901 ते 2018 या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे 0.7 अंशांनी वाढलं, असं पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या 2020 च्या अहवालात आहे. पण एखादा विशिष्ट उन्हाळा किंवा पूर घेऊन ‘यात हवामान बदलाचा वाटा किती’ हे सांगायचं असेल, तर कोणीतरी बसून ते मोजावं लागतं. मोजणारे आहेत. वर्ल्ड वेदर ॲट्रिब्युशन नावाचा शास्त्रज्ञांचा गट हेच करतो. तापमान वाढलेलं आजचं जग आणि ते न वाढलेलं जग, अशी दोन्ही जगं मांडून एखादी घटना कुठल्या जगात किती वेळा घडेल ते तो काढतो. मार्च-एप्रिल 2022 ची भारत-पाकिस्तानातली उष्णता हवामान बदलामुळे सुमारे 30 पट अधिक संभवनीय झाली, असं त्यांनी काढलं. असा अभ्यास हाताशी असेल तर त्याचं नाव घेऊन बिनधास्त सांगा. नसेल तर ‘अशा दिवसांचं प्रमाण वाढतंय’ इथे थांबा. माझ्या हाती एप्रिल 2024 ला असं काही नव्हतं. घाम होता, तेवढाच पुरावा.

दुसरा तुकडा तर अंदाजच होता आणि अंदाज देणं माझं काम नाही. ते हवामान खात्याचं काम आहे. खातं दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज देतं, जिल्ह्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. मे 2025 मध्ये मी तो वाचून दाखवत होतेही, पण आदल्या वर्षीचं माझं ठसक्यातलं वाक्य लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. ठसका लक्षात राहतो, दुरुस्ती राहत नाही.

आता आकड्यांबद्दल थोडं. मला खरं शिकवलं ते वेधशाळेतून निवृत्त झालेल्या एका निरीक्षकांनी. किमान तापमान सकाळी साडेआठला वाचतात, कमाल संध्याकाळी साडेपाचला, पाऊस मोजतात तो काल सकाळी साडेआठ ते आज सकाळी साडेआठपर्यंतचा. तापमापक पांढऱ्या जाळीदार पेटीत, सावलीत असतो. म्हणून गाडीच्या काचेवरचा 47 आणि वेधशाळेचा 43 यांची तुलना करायची नसते. ‘श्रोत्यांनी फोटो पाठवलाय’ म्हणून तो आकडा वाचू नका. मी वाचलाय.

आणि ‘उष्णतेची लाट’ हे शब्द जपून वापरा. मैदानी भागात कमाल तापमान निदान 40 अंश हवं आणि सरासरीपेक्षा 4.5 अंश किंवा त्याहून जास्त हवं, नाहीतर थेट 45 गाठायला हवं. तेही हवामान खात्याच्या एका उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस. आपल्याकडे एप्रिल-मेची सरासरीच चाळिशीच्या आसपास. म्हणजे 43 ला सोलापुरात तांत्रिकदृष्ट्या लाट होईलच असं नाही. पण ‘लाट नाही’ असं सांगून मोकळं होऊ नका. विडी कारखान्यातून भर दुपारी चालत घरी जाणाऱ्या बाईला व्याख्येशी देणंघेणं नाही. तिला पाणी, सावली आणि चक्कर आली तर काय करायचं ते सांगा. व्याख्या बातमीसाठी, काळजी माणसासाठी.

हे सगळं एकटीने शिकायचं म्हटलं असतं तर मी मधेच सोडून दिलं असतं. जगभर आपल्यासारखेच हवामान सांगणारे एकत्र आलेले आहेत, हे मला फार उशिरा कळलं. अमेरिकेत 2010 मध्ये साउथ कॅरोलायनातल्या कोलंबिया शहरात जिम गँडी नावाच्या टीव्ही हवामान निवेदकाने क्लायमेट सेंट्रल या संस्थेच्या मदतीने ‘क्लायमेट मॅटर्स’ सुरू केलं. त्याच्या सुरुवातीच्या भागांत पॉइझन आयव्ही या वेलीची गोष्ट होती. तिकडे अंगणात उगवणारी, अंगाला लागली की फोड येणारी ही वेल हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की अधिक जोमाने वाढते आणि अधिक त्रास देते. ध्रुवावरचं अस्वल नाही, अंगणातली वेल! हे वाचलं तेव्हा मी वहीत लिहिलं: कांदा, डाळिंब, उजनी, नळ.

बेल्जियमच्या हवामान निवेदिका जिल पीटर्स यांनी ‘क्लायमेट विदाउट बॉर्डर्स’ हे वेगवेगळ्या देशांतल्या टीव्ही हवामान निवेदकांचं जाळं उभं केलं. पत्रकारांसाठी अर्थ (Earth) जर्नालिझम नेटवर्क आहे, ऑक्सफर्डच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटनेही क्लायमेट जर्नालिझम नेटवर्क सुरू केलं. या सगळ्यांचा कारभार बहुतेक इंग्रजीत चालतो. माझं इंग्रजी शाळेतलं. पहिला अर्ज लिहायला मला चार रात्री लागल्या आणि तो नाकारला गेला. तरी सांगते, लिहा. ‘मी सोलापुरात, पर्जन्यछायेच्या प्रदेशात, मराठीत बोलते, माझे श्रोते शेतकरी आणि यंत्रमाग कामगार आहेत’ हे वाक्य तुमच्या मोडक्या इंग्रजीतही जड भरतं. ते लाजून दडवू नका.

पण जाळ्यातून तयार मिळालेलं साहित्य जसंच्या तसं प्रसारित करू नका. माझं हे मत ठाम आहे आणि यावरून माझी भांडणंही झाली आहेत. क्लायमेट सेंट्रलचा ‘क्लायमेट शिफ्ट इंडेक्स’ जगातल्या कुठल्याही ठिकाणच्या आजच्या तापमानात हवामान बदलाचा किती हात आहे ते नकाशावर दाखवतो. छान आहे, पण तो तापमानाचा आहे. पावसाच्या दिवशी तो दाखवून पुराबद्दल बोलायचं नाही. ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांच्या 2018 च्या निळ्या-लाल पट्ट्यांचं चित्र जगभर टीव्हीवर फिरलं. मी रेडिओवाली, चित्र कसं दाखवू? ‘समजा दर वर्षाचा एक धागा विणून चादर केली, थंड वर्ष निळं, गरम वर्ष लाल, तर अलीकडचा काठ लालभडक दिसतो’ असं सांगितलं. सोलापुरात त्यापुढे समजावून सांगायची गरज पडली नाही.

पैसे भरून दोन दिवसांत ‘प्रमाणित हवामान संवादक’ करून देणाऱ्या ऑनलाइन वर्गांपासून लांब राहा. मी एकदा भरले. प्रमाणपत्र सुंदर होतं, त्यावर माझं नावही बरोबर होतं, पण तापमापक किती उंचीवर असतो हे शिकवणाऱ्यालाही सांगता आलं नाही. गुरूंच्या बाबतीतही तसंच. आपली पुस्तकं उचलायला लावणारे, प्रत्येक कार्यक्रमात आपला फोटो मागणारे ज्येष्ठ या क्षेत्रातही आहेत. तुमचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकून ‘हे वाक्य काढ’ म्हणणारा एक माणूस भेटला तर त्याला सोडू नका. आम्ही आता सोलापूर, लातूर, धाराशिवकडचे पाच-सहा जण एकमेकांची निवेदनं प्रसारणाआधी वाचतो. त्याला नाव नाही, पदाधिकारी नाहीत. रात्री दहाला मजकूर टाकायचा, सकाळी सहाच्या आत खोडून परत यायचा, एवढाच नियम. माझं ते वाक्य या लोकांसमोर गेलं असतं तर माइकपर्यंत पोचलंच नसतं.

सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला पूर आला. माढा, मोहोळ, करमाळ्याकडची गावं पाण्यात होती. जी नदी आपण कोरडी बघत मोठे झालो, ती घरांत शिरली. तेव्हा माझी जीभ पुन्हा शिवशिवली. पहिले दोन दिवस हवामान बदलाचा ह सुद्धा काढला नाही. कुठल्या धरणातून किती विसर्ग, कुठला रस्ता बंद, जनावरं कुठे न्यायची, एवढंच. ज्याच्या गोठ्यात पाणी आहे त्याला कारणमीमांसा ऐकवणं हा निर्दयपणा आहे, असं मला मनापासून वाटतं.

पाणी ओसरल्यावर बोलले. हवा एक अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणून पडतो तेव्हा एकदम पडतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. मग मी म्हणाले, ‘हा पूर हवामान बदलामुळेच आला असं मी आज सांगणार नाही. असे पाऊस वाढत आहेत, एवढं मोजलेलं आहे.’ मला धास्ती होती की लोक म्हणतील, बाई कच खातेय. तसा एकही फोन आला नाही. एकाने विमानांबद्दल विचारलं, ढग पळवतात का म्हणून. ती विमानं 2018-19 मध्ये आयआयटीएमने सोलापूर भागात केलेल्या प्रयोगाची होती, ढगांत कण सोडून पाऊस किती वाढतो ते तपासणारी, असं सांगितल्यावर ‘बरं’ म्हणून त्याने फोन ठेवला. एवढ्या वर्षांची अफवा, एका मिनिटात खाली बसली. निदान त्याच्यापुरती.

तुमचंही एखादं वाक्य चुकेल. चुकलं तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, त्याच कार्यक्रमात, तेवढ्याच मोठ्या आवाजात दुरुस्त करा. मी कांद्याच्या फोननंतर तिसऱ्या दिवशी केलं. वरिष्ठ म्हणाले होते, नको, विश्वास जाईल. नाही गेला.

मोहोळचे ते गृहस्थ अजून फोन करतात. परवा विचारत होते, ‘अक्का, मे महिना काय म्हणतो?’ मी गुरुवारचा अंदाज वाचून दाखवला. पाऊस सरासरीच्या आसपास, नक्की दिवस आत्ता सांगता येत नाही, शुक्रवारी कृषी सल्ला येईल तो बघा. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘म्हणजे ताडपत्री घेऊ का नको?’

‘घ्या,’ म्हटलं.