रात्रभर गळ टाकून बसायचं तर झोपायला काय न्यायचं

उजनीच्या बॅकवॉटरला नाहीतर मुळशीला रात्रीचं गळ टाकून बसणार असाल तर रॉडवर खर्च करता तसा थोडा अंथरुणावर पण करा. पहिली गोष्ट मॅट, कारण थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते, ओली जमीन अंगातली ऊब ओढून घेते. एअर मॅट्रेस मऊ असते मान्य, पण काठावर बाभळी असतात, एक काटा घुसला की पहाटेपर्यंत तुम्ही जमिनीवर, त्यापेक्षा साधी फोमची घडीची मॅट बरी, वजनाला हलकी नि पंक्चर व्हायची भानगडच नाही.

स्लीपिंग बॅग घेताना लेबलवर दोन-तीन तापमानं असतात त्यातलं कम्फर्टवालं बघा, एक्स्ट्रीमचा आकडा फक्त जीव वाचण्यापुरता असतो, झोप लागायचा नाही. पाण्याकाठी दव जाम पडतं म्हणून पिसांची नको, सिंथेटिक घ्या, पिसं भिजली की ऊब गेली. घरात घोंगडी असेल तर तीच न्या राव, जड असते पण दमट झाली तरी उबदार राहते.

हॅमॉक मस्त, पण काठाला दोन धड झाडं सापडली तर. फोल्डिंग कॉट गाडी अगदी काठापर्यंत जात असेल तरच, उचलून चालायला नको वाटते. मच्छरदाणी मात्र कंपल्सरी.

आणि अंथरूण पाण्यापासून लांब, चढावर टाका, धरणाचं पाणी रात्रीत वाढू शकतं. तंबूत शेगडी अजिबात नको, धुराने नाही, तर जळताना निघणाऱ्या वास नसलेल्या कार्बन मोनॉक्साइड गॅसने माणूस झोपेतच जातो.