शेवाळ टाकलंय त्या खाचरात युरिया विस्कटू नका

पाटण, जावळी, शिराळ्याकडं भाताची लावणी उरकत आली. हवेतला नत्र बांधून भाताला देणारं निळं-हिरवं शेवाळ टाकणार असाल तर एवढं एकच पाळा: त्या पाण्यात युरिया फेकू नका. दरसाल तेच बघतो. सकाळी शेवाळ, संध्याकाळी युरिया, आणि पुढं ओरड की शेवाळात काही दम नाही.

हवेतला नत्र बांधायचं काम शेवाळातलं नायट्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) करतं. अॅनाबिना, नॉस्टॉक या शेवाळांच्या माळेत मधूनमधून जाड भिंतीच्या पेशी असतात. प्राणवायू लागला की हे विकर बिघडतं, म्हणून ते त्या पेशींत दडून राबतं. युरियाचा पाण्यात अमोनिया झाला की शेवाळाला आयता नत्र मिळतो. मग ते अशा नव्या पेशी करत नाही आणि विकरही तयार करायचं थांबवतं. वरून हिरवंगार दिसतं, नत्र मात्र बांधत नाही.

भाताला युरिया नको असं नाही, तो खाली जाऊ द्या. चारसूत्री या भात लावायच्या पद्धतीतल्या युरिया-डीएपीच्या 2.7 ग्रॅमच्या गोळ्या लावणीच्याच दिवशी चार चुडांच्या (रोपांच्या) मध्ये 7 ते 10 सेंमी खोल चिखलात खोचा. नत्र मुळाशी राहतो, वरच्या पाण्यात फारसा येत नाही.

बाकीचं थोडक्यात:
- सुपर फॉस्फेट चिखलणीला
- शेवाळ लावणीनंतर 8-10 दिवसांनी, एकरी 4 किलो
- पाणी साचलेलं हवं. टाकल्यावर चिखल ढवळू नका

झडीचा अंदाज असेल तर मात्र तारीख विसरा. बांधावरून पाणी पलटलं की शेवाळ ओढ्याला जातं. उघडीप बघून टाका, फुटके बांध आधी लिंपा.

ब्युटाक्लोरसारखं तणनाशकही शेवाळाची वाढ आणि हेच विकर दोन्ही दाबतं. मारायचंच तर लावणीनंतर लगेच, शेवाळाच्या बरेच दिवस आधी. खाचरात हिरवे तंतू दिसले की दुकानदार मोरचूद देतो. त्यातलं तांबं त्या तंतूंबरोबर आपलं शेवाळही मारतं. त्यापेक्षा तंतू हातानं ओढून बांधावर टाका.

मॉलिब्डेनम हे सूक्ष्म अन्नद्रव्य नायट्रोजिनेज विकरात असतंच, म्हणून दुकानात महागाच्या बाटल्या पुढं करतात. माझा अंदाज, आपल्या तांबड्या आंबट रानात आधी स्फुरदच कमी पडतं. बाटलीच्या पैशात सुपर फॉस्फेट आणा. माती तपासून चुना लागला तर तोही द्या, आम्लता घटली की मातीतलं मॉलिब्डेनम आपसूक मोकळं होतं.

आणलेली शेवाळाची पाकिटं खत-औषधांच्या पोत्यांशेजारी ठेवू नका. कोरड्या जागी, वेगळ्या कोनाड्यात ठेवा.