या चुका टाळा: बँकेचे ॲप सांभाळले, पण सिम, ई-मेल आणि आधारच्या प्रतीचे काय?

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातील कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेवर सायबर हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये काढले गेले. आजही येथे ऑनलाइन सुरक्षिततेचा विषय निघाला की बोलणे बहुधा बँकेच्या सर्व्हरवर येऊन थांबते. सर्वसामान्य खातेदाराचे नुकसान मात्र सहसा त्या वाटेने होत नाही. बँकेच्या ॲपला तो बोटाचा ठसा लावतो आणि यूपीआय पिन घरातही कोणाला सांगत नाही. पण त्याच खात्यापर्यंत पोहोचवणारे सिम कार्ड, ई-मेल आणि आधारची प्रत या तीन गोष्टींकडे त्याचे लक्ष नसते. पुढील बहुतेक चुका या दुर्लक्षातून होतात.

झेरॉक्सच्या दुकानात राहून गेलेले आधार

आप्पा बळवंत चौकात किंवा कोणत्याही महाविद्यालयासमोर प्रिंट काढायला गेल्यावर पहिले वाक्य ऐकू येते, ते म्हणजे ‘या नंबरवर व्हॉट्सॲप करा’. आपण पीडीएफ पाठवतो, प्रिंट घेतो, पैसे देतो आणि निघतो. फाइल मात्र तिथेच राहते. अशा संगणकाच्या डाउनलोड्स फोल्डरवर सहज नजर गेली, तरी अनोळखी लोकांचे आधार, पॅन, गुणपत्रिका आणि रद्द केलेले धनादेश एकाखाली एक पडलेले दिसतात. ई-आधारच्या फाइलला पासवर्ड असतो, हे समाधान फारसे खरे नाही, कारण नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष हे त्याचे सूत्र सर्वांना ठाऊक आहे, आणि प्रिंट काढताना आपण तो दुकानदाराला तोंडी सांगतच असतो.

त्यामुळे जिथे चालेल तिथे मास्क्ड आधार द्यावे. ते आधारच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवता येते आणि त्यात क्रमांकाचे शेवटचे चारच अंक दिसतात. कागदी प्रत देताना तिच्यावर तारीख आणि कारण आडवे लिहून सही करावी. दुकानातील फाइल समोर उभे राहून, रिसायकल बिनसह पुसून घ्यावी. दुकानदार थोडा वैतागतो, वैतागू द्यावे. प्रिंटसाठी त्याच्या संगणकावर आपले व्हॉट्सॲप वेब उघडले असेल, तर बाहेर पडण्यापूर्वी फोनमधील ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये जाऊन तो संगणक काढून टाकावा.

भाडेकराराच्या वेळी हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहतो. एजंट लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येतो, आणि त्याआधी घरमालक, भाडेकरू आणि साक्षीदार अशा सर्वांची कागदपत्रे त्याच्या फोनवर गेलेली असतात. ती परत मागून काही उपयोग नाही. आधारचे बायोमेट्रिक लॉक करणे मात्र आपल्या हातात आहे. आधारच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत ॲपमध्ये ही सोय आहे. लॉक केल्यावर क्रमांक आणि ठशाची नक्कल वापरून आधार-आधारित व्यवहारातून पैसे काढण्याचा मार्ग बंद होतो. पुढच्या वर्षी करार नव्याने करताना यंत्र अंगठा स्वीकारत नाही आणि सगळे जण बोटे पुसत बसतात, तेव्हा हे लॉक आठवावे. ते तात्पुरते उघडता येते आणि थोड्या वेळाने आपोआप पुन्हा बंद होते.

‘ओटीपी तर कोणालाच सांगितला नव्हता’

वाहतूक नियमभंगाचे चलान, गॅसचे थकीत बिल, ‘आज रात्री वीज तोडली जाईल’ अशी सूचना किंवा लग्नाची पत्रिका अशा नावाखाली व्हॉट्सॲपवर एक फाइल येते, जिच्या नावाचा शेवट एपीके असा असतो. पुण्यात दुचाकीस्वाराच्या नावावर एखादे चलान असणे इतके संभवनीय आहे की, माणूस शंका न घेता फाइल उघडतो. प्रत्यक्षात ते कागदपत्र नसून ॲप असते. बसवताना ते एसएमएस वाचण्याची परवानगी मागते आणि ती दिली की ओटीपी न सांगताच चोरापर्यंत पोहोचू लागतो. ‘मी तर कोणाला सांगितलाच नव्हता’ हे तक्रारदाराचे म्हणणे म्हणूनच अक्षरशः खरे असते. खरे चलान तपासायचे असल्यास महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक स्वतः टाकून पाहावे. त्यासाठी कोणतेही ॲप बसवावे लागत नाही.

अशी फाइल बसवली गेलीच, तर प्रथम फोन एअरप्लेन मोडवर टाकावा आणि वायफायही बंद आहे ना, ते पाहावे. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते आणि यूपीआय थांबवावे, आणि पासवर्डही दुसऱ्याच उपकरणावरून बदलावेत, कारण बाधित फोनवर टाइप केलेला नवा पासवर्डही वाचला जाऊ शकतो. ॲप काढता येत नसेल, तर त्याला फोनवर ताबा देणारी ॲक्सेसिबिलिटी किंवा डिव्हाइस ॲडमिनची परवानगी मिळालेली असण्याची शक्यता असते. बाहेरून बसवलेली ॲप न चालवता फोन सुरू करणाऱ्या सेफ मोडमध्ये जाऊन ती परवानगी आधी काढावी. येथे होणारी मोठी चूक म्हणजे घाबरून लगेच फोन फॉरमॅट करणे. संदेश, फाइल आणि क्रमांक हे पुरावे असतात, म्हणून आधी दुसऱ्या फोनने त्यांचे फोटो काढून जपावेत.

सिम आणि ई-मेल

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्यात आलेली मुले क्रमांक बदलतात, पण ई-मेलच्या रिकव्हरीसाठी जुनाच क्रमांक राहतो. बंद झालेला क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, आणि मग आपल्या खात्याचा कोड त्या अनोळखी माणसाच्या फोनवर जातो. बहुतेक सेवांचे ‘पासवर्ड विसरलात?’ हे बटण ई-मेलकडे नेते. त्यामुळे वेगळा, लांब पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी यांची सर्वांत आधी गरज ई-मेलला आहे, बँकेच्या ॲपला त्यानंतर. आजी-आजोबांनी पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवले, तर त्यांना रागावण्याचे कारण नाही. त्या पानाचा फोटो गॅलरीत ठेवणे अधिक धोक्याचे.

विसर्जनाच्या गर्दीत किंवा पीएमपीच्या बसमध्ये फोन गेला, तर स्क्रीन लॉक असूनही सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येते आणि ओटीपी तिथे येतात. यावर सिम पिन, म्हणजे सिम दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावर विचारला जाणारा सिमचा स्वतःचा पिन, हा उपाय आहे. तो लावताना कंपनीचा मूळ पिन अंदाजाने टाकू नये, कारण तीनदा चुकल्यास सिम अडकते आणि ते पुन्हा उघडणारा पीयूके क्रमांक कंपनीकडे मागावा लागतो. फोन हरवल्यास सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून हँडसेट ब्लॉक करता येतो. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत, हेही तिथेच दिसते.

व्हॉट्सॲपचा सहा अंकी कोड कोणाला दिला गेला आणि खाते हातून गेले, तर त्याच क्रमांकाने पुन्हा नोंदणी करून नवा कोड टाकावा. तेवढ्याने दुसरा माणूस बाहेर फेकला जातो. त्याने मध्यंतरी टू-स्टेप पिन लावला असेल, तर सात दिवस थांबावे लागते, पण त्या काळात त्यालाही खाते वापरता येत नाही. ओळखीच्यांना तोवर फोन करूनच सावध करावे.

पोलीस असल्याचे भासवून व्हिडिओ कॉलवर ‘अटक’ केल्याचे सांगणाऱ्या ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही, आणि पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. मुले परदेशात असलेल्या ज्येष्ठांना ही दोन वाक्ये मुलांनीच फोनवर पुन्हा पुन्हा सांगितलेली बरी.

पैसे गेल्यावर

शाखा उघडण्याची वाट पाहणे ही चूक सर्वांत महागात पडते. रक्कम काही वेळातच एका खात्यातून अनेक खात्यांत फिरवली जाते, आणि १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन क्रमांकावर लगेच कळवले तरच ती वाटेत गोठवली जाण्याची शक्यता राहते. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक बँकेला लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार, दोष ग्राहकाचा किंवा बँकेचा नसून यंत्रणेत अन्यत्र असेल आणि बँकेला तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भार येत नाही. ग्राहकाने स्वतः माहिती दिली असल्यास कळवण्यापूर्वीचे नुकसान त्याचे, त्यानंतरचे बँकेचे. म्हणून कळवल्याची तारीख आणि वेळ कागदावर असणे आवश्यक आहे.

तक्रारीनंतर काही दिवसांनी ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम सापडली आहे, प्रक्रिया शुल्क भरा’ असा फोन येऊ शकतो. पोलीस रक्कम परत मिळवून देण्यासाठी शुल्क घेत नाहीत. तो क्रमांक आधीच्या तक्रारीत जोडून द्यावा.