लहानपणीच्या कॉमिक्सचं मूळ चित्र मिळवायचं असेल तर

आमच्या आळीत एक वाचनालय होतं. कॉमिक घरी नेलं तर पंचवीस पैसे, तिथेच बाकावर बसून वाचलं तर दहा. मी दहावाली. इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळाने, म्हणजे मुखवटावाल्या फँटमने, ठोसा लगावला की गुंडाच्या जबड्यावर कवटीची खूण उमटायची, ती चौकट आली की मी पान उलटायला वेळ लावायचे. वाचनालयाचे काका ओरडायचे, कारण मागे दोघं-तिघं नंबर लावून उभे असायचे.

त्या चौकटीचा मूळ कागद, चित्रकाराचा हात ज्यावरून फिरला तो कागद, जगात कुठेतरी असू शकतो आणि आपल्यासारख्या माणसालाही तो घेता येतो, हे मला चाळिशीनंतर कळलं. ज्यांना असा एखादा कागद आपल्या घरी असावा असं वाटतं त्यांच्यासाठी, मी ज्या क्रमाने गेले आणि ज्या क्रमाने जायला हवं होतं, तो क्रम इथे देते.

आधी आठवण तपासून घ्या

काय आठवतंय ते एका कागदावर लिहून काढा. कुठला नायक, चित्रात काय चाललंय, रंग कोणता, मुखपृष्ठ की आतलं पान. मग तो छापील अंक मिळवा. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत, रद्दीवाल्यांकडे, नातेवाइकांच्या माळ्यावर, जुनी कॉमिक्स जमवणाऱ्यांकडे विचारत राहा. अंक हातात आल्याशिवाय मूळ चित्राच्या मागे लागू नका.

हे मी आग्रहाने सांगते, कारण आठवण चित्र मोठं करते. माझ्या डोक्यात ती ठोशाची चौकट अर्ध्या पानाची होती. अंक मिळाला तेव्हा ती निघाली काड्यापेटीपेक्षा जराशी मोठी, पानाच्या खालच्या कोपऱ्यात. पण आठवण खोटी नव्हती. मुठीची दिशा, मागे उडालेली टोपी, सगळं जिथल्या तिथे होतं. अंक क्रमांक, पान, चौकट टिपून ठेवा, पुढचा सगळा शोध त्यावर चालतो.

चित्र कुठे काढलं गेलं ते शोधा

इथे बहुतेकांची गाडी अडते. आपण वाचलं मराठीत, म्हणून मूळ चित्रही इथलंच असणार असं वाटतं.

इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने मार्च १९६४मध्ये सुरू केली आणि ती १९९०पर्यंत चालली. वेताळाच्या आतल्या गोष्टी म्हणजे अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत रोज छापून येणाऱ्या चित्रपट्ट्या. त्या कापून, मागेपुढे लावून इथे पानं जुळवली जात. लेखक ली फॉक यांनी वेताळ १९३६ साली आणला. चित्रं आधी रे मूर, मग विल्सन मॅकॉय आणि १९६१पासून १९९४पर्यंत साय बॅरी यांची. म्हणजे तुमच्या आठवणीतलं पान ‘पान’ म्हणून कधी काढलंच गेलं नव्हतं. ते तीन-चार आडव्या पट्ट्यांचे तुकडे जोडून झालेलं आहे. तुम्हाला शोधायची असते ती एक पट्टी, विशिष्ट तारखेची, इंग्रजी संवादांची आणि काळ्या-पांढऱ्यातली. वेताळाच्या पोशाखाचा जांभळा रंग त्या कागदावर नसतो.

इंद्रजालची मुखपृष्ठं मात्र इथली. त्यांतली कितीतरी गोविंद ब्राह्मणिया यांनी रंगवली. १९७६ साली आबिद सुरती यांनी बहादूर हा नायक आणला, त्याची चित्रंही ब्राह्मणियांचीच. बहादूर आवडता असेल तर शोध भारतातच करायचा.

अमर चित्र कथा १९६७ साली अनंत पै यांनी सुरू केली. त्याआधी इंद्रजालच्या उभारणीतही त्यांचा हात होता. इथे मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी नावं भेटतात: कृष्णाची गोष्ट चितारणारे आणि पुढे ‘टिंकल’मध्ये सुप्पंडीला चेहरा देणारे राम वाईरकर, तसंच प्रताप मुळीक आणि दिलीप कदम. मुळीकांनी पुढे राज कॉमिक्सचा नागराजही काढला. ही पानं अनेक भाषांत निघत, चित्र एकच आणि मजकूर बदलता. म्हणून मूळ पानावर मराठी अक्षरं असतीलच असं नाही. संवादाच्या फुग्यांत इंग्रजी दिसेल, वर चिकटवलेल्या पट्ट्या दिसतील किंवा फुगे मोकळे असतील. हे पाहून हिरमुसू नका.

‘चांदोबा’चंही तसंच. खांद्यावर प्रेत, हातात तलवार आणि झपाझप चालणारा विक्रम, हे चित्र शंकर यांचं, म्हणजे के. सी. शिवशंकरन यांचं. ते २०२०मध्ये गेले, २०२१मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. तेलुगू घरातल्या आणि मराठी घरातल्या पोराने तोच विक्रम पाहिला.

चित्रकाराचं नाव कळेपर्यंत खरेदीला हात घालू नका. त्या काळी कितीतरी अंकांवर चित्रकाराचं नाव छापलेलं नसे आणि सही चौकटीच्या कोपऱ्यात कापली जाई. शिवाय एका सहीमागे अनेक हात असत. साय बॅरींच्या वेताळाची पेन्सिल बरीच वर्षं जॉर्ज ओलेसन करत. विकणाऱ्याने फक्त गाजलेलं नाव सांगितलं तर पेन्सिल कुणाची, शाई कुणाची हे विचारा. विचारणं हा तुमचा हक्क आहे आणि त्या दुसऱ्या माणसाच्या कामाचा मानही.

मूळ कागद कसा दिसतो हे डोळ्यांना शिकवा

चित्र छापल्या आकारापेक्षा मोठं काढलं जाई, दीडपट किंवा दुप्पट. छोटं करून छापलं की रेष बारीक आणि नेटकी दिसते. अमेरिकी कॉमिक-पुस्तकांची पानं १९६७च्या सुमारापासून १० बाय १५ इंच चित्रजागेत काढली जाऊ लागली, त्याआधी ती आणखी मोठी असत. कुणी अगदी छापील पानाएवढं ‘ओरिजिनल’ दाखवलं तर आधी शंका घ्या.

जाड कागदावर आधी पेन्सिल, मग ब्रश आणि निबने काळी शाई. चुकलं की पांढऱ्या रंगाचा हात. काही जण फिकट निळ्या पेन्सिलने कच्चं काम करत, कारण छपाईच्या कॅमेऱ्याला तो निळा दिसत नसे. रंग बहुधा वेगळ्या कागदावर नुसते दाखवलेले असत. रंगीत मूळ हवं असेल तर मुखपृष्ठाकडेच वळावं लागतं.

माझ्याकडे आज वेताळाची एक दैनिक पट्टी आहे, सत्तरच्या दशकातली. माझी ती ठोशाची चौकट नाही, ती अजून सापडलेली नाही. पण त्याच गोष्टीतली, दोन दिवस आधीची आहे. खिडकीपाशी तिरक्या उजेडात धरली की शाईचा काळा सगळीकडे सारखा नाही हे दिसतं. झाडीच्या भागात ब्रश कोरडा पडत आलाय आणि रेषा फाटलीय. मुखवट्याच्या कडेला पांढऱ्या रंगाचा गव्हाएवढा ठिपका आहे, त्याखाली आधीची भुवई अंधुक दिसते. ती भुवई छापात कुणालाच दिसली नाही. एका चौकटीत सिंडिकेटच्या, म्हणजे वर्तमानपत्रांना चित्रपट्ट्या पुरवणाऱ्या संस्थेच्या, नावाची छापील चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिच्या कडा पिवळ्या पडल्यात आणि एक कोपरा सुटलाय. समासात पेन्सिलने तारीख लिहिलीय. हे सगळं मी पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी दुसरं काही काम झालं नाही.

शोध कुठे घ्यावा

परदेशी चित्रपट्ट्यांसाठी मूळ चित्रांचे व्यापारी आणि लिलावगृहं आहेत. डॅलसचं हेरिटेज त्यांतलं मोठं नाव. तिथे जुन्या विक्रींच्या नोंदी पाहता येतात. खरेदी न करता सहा महिने नुसत्या नोंदी पाहा. कॉमिक आर्ट फॅन्स या संकेतस्थळावर संग्राहक आपापल्या पानांची छायाचित्रं लावतात, तिथे डोळा तयार होतो. भारतातल्या कॉमिक कॉन या कॉमिक्सच्या मेळ्याला, जी २०११पासून भरते, आजचे चित्रकार स्वतः भेटतात. पण सध्याची बरीच कॉमिक्स संगणकावरच काढली जातात, तेव्हा मूळ कागद आहे का हेच आधी विचारा.

आपल्याकडच्या जुन्या चित्रकारांचं काम कधी प्रकाशकाकडे राहिलं, कधी घरच्यांकडे. घरच्यांशी संपर्क करायचा झाला तर ओळखीच्या माणसाकडून, पत्राने किंवा फोनने वेळ घेऊन जा. पहिल्या भेटीत विकत घेण्याचा विषय काढू नका. बाबांचं किंवा आजोबांचं कोणतं चित्र तुमच्या मनात राहिलं ते सांगा, छापील अंक सोबत न्या. त्यांना विकायचं नसेल तर आग्रह धरू नका, चित्र पाहायला मिळालं हेही खूप आहे. आणि विकायचं असेल तर वाजवी किंमत स्वतःहून सांगा. त्यांना बाजार ठाऊक नाही म्हणून स्वस्तात उचलणं मला चोरीइतकंच वाईट वाटतं.

खरं की खोटं

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळवाले वापरतात तसलं. छापील चित्रात रंगांचे ठिपके ओळीने बसलेले दिसतात. हाताच्या शाईत ठिपके नसतात, रेषेची कड कागदाच्या धाग्यात किंचित शिरलेली दिसते. मात्र काही मूळ चित्रांत करड्या छटेसाठी ठिपक्यांची तयार फिल्म कापून चिकटवलेली असते. तिची कड नखाला जाणवते, तेव्हा नुसते ठिपके दिसले म्हणून घाईने नाकारू नका.

मागची बाजू पाहा: शिक्के, क्रमांक, जुन्या चिकटपट्टीचे डाग. मग छापील अंक शेजारी ठेवून रेषा न् रेषा ताडून पाहा. मूळ चित्रात छापापेक्षा जास्त काहीतरी असतंच, खोडलेलं, झाकलेलं, समासात लिहिलेलं. छापाइतकंच आणि तेवढंच असेल तर ती नक्कल असण्याची शक्यता मोठी.

एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी अशीच फसले. छायाचित्रात शाई झळाळत होती. पाकीट उघडून भिंग लावलं आणि ठिपकेच ठिपके. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून मी तिरक्या उजेडातला फोटो, मागच्या बाजूचा फोटो आणि ‘हे हाताने काढलेलं मूळ चित्र आहे, तसं नसल्यास परत घेऊ’ असं लेखी मागते. जो हे देत नाही त्याच्याकडून घेत नाही. चित्रकाराने नंतर पुन्हा काढून दिलेलं चित्रही विकायला येतं. त्यात वाईट काही नाही, पण ते तसं सांगून, त्या किमतीला विकलं पाहिजे.

किंमत

हेर्जेने १९३६ साली टिनटिनसाठी काढलेलं एक मुखपृष्ठचित्र २०२१मध्ये पॅरिसला सुमारे ३२ लाख युरोंना गेलं. स्पायडरमॅनचं एक आतलं पान २०२२मध्ये ३३ लाख ६० हजार डॉलरना. या बातम्या वाचून घाबरू नका. किंमत वाढते ती मुखपृष्ठामुळे, नायक ठळक असल्यामुळे, प्रसंग गाजलेला असल्यामुळे. नायक नसलेली, दोन माणसं टेबलाशी बोलत बसलीत अशी पट्टी त्याच चित्रकाराची असूनही पुष्कळ कमी किमतीला मिळते. परदेशातून मागवताना टपालखर्च, विमा आणि सीमाशुल्क धरून आकडा काढा, लिलावात घेणाऱ्याला लिलावगृहाचं कमिशनही वर द्यावं लागतं. कर्ज काढून घेऊ नका.

सांभाळ

आपल्याकडे खरा वैरी पावसाळा. कोकणात, मुंबईत जुलै महिन्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे कागदाचं काय. बाहेरच्या भिंतीवर, जिथे ओल येते तिथे, चित्र टांगू नका. समोर उन्हाची खिडकी नको. काच चित्राला टेकू देऊ नका, मध्ये माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, जागा हवी आणि तो पुठ्ठा आम्लरहित. फ्रेमवाल्यापाशी उभं राहून सांगा: डिंक नाही, चिकटपट्टी नाही, कडा कापायच्या नाहीत. समासातल्या तारखा, खुणा सगळं त्या कडांवरच असतं. फ्रेम नको असेल तर पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात, आडवं, सपाट ठेवा. पीव्हीसीचं पाकीट शाईला चिकटतं. गुंडाळी करू नका, लॅमिनेशन तर मुळीच नाही. दर दोन महिन्यांनी कसर लागली नाही ना ते पाहा. चिकटवलेला फुगा सुटला तर परत चिकटवू नका, छोट्या पाकिटात घालून चित्रासोबतच ठेवा.

एक लक्षात असू द्या, कागद तुमचा झाला तरी चित्र छापायचा हक्क तुमचा होत नाही. तो प्रकाशकाकडे किंवा चित्रकाराच्या वारसांकडे राहतो. टी-शर्टवर छापून विकता येणार नाही.

मागे चिठ्ठी

फ्रेमच्या मागे, चित्राला न लागेल असं, एक पाकीट लावा. त्यात चित्रकाराचं नाव, पेन्सिल आणि शाई वेगळ्यांची असेल तर दोघांची नावं, कोणत्या गोष्टीतलं, तारीख, मराठी अंकाचा क्रमांक, कुणाकडून कधी घेतलं, पावतीची प्रत. माझ्या पाकिटात इंद्रजालच्या त्या पानाची झेरॉक्स आहे, माझ्या पट्टीतल्या दोन चौकटींभोवती लाल पेन्सिलने रेघ ओढलेली. तिसरी चौकट पान जुळवताना मुंबईत कुणीतरी गाळली होती. ती मी लहानपणी पाहिलीच नव्हती.