निगमाच्या दालनात चित्रं लावताना

महापालिकेच्या, म्हणजे इंदूरकरांच्या भाषेत निगमाच्या, इमारतीतल्या दालनात येणारे बरेच लोक चित्रं पाहायला आलेलेच नसतात. कुणाला संपत्ती कर भरायचा असतो, कुणाला जन्माचा दाखला हवा असतो. हातात कागद आणि वेळ दोन मिनिटं. हा प्रेक्षक कुठल्याही खासगी गॅलरीला मिळत नाही, म्हणून प्रदर्शनाची सगळी मांडणी त्याला डोळ्यांसमोर ठेवून करा.

तारखेपासून सुरुवात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत चांगले. जुलै-सप्टेंबरमध्ये जलरंगाचा कागद दमट हवेने फुगतो आणि काचेला चिकटतो. चित्र आणि काच यांच्यात अंतर ठेवणारी जाड पुठ्ठ्याची चौकट, म्हणजे माउंट, नसेल तर हमखास. रंगपंचमीला राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक निघते, अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ निघतात. त्या दिवशी मध्य शहरात टेम्पो आणायचा विचारही नको. सुटीच्या दिवशी इमारत उघडी असते का, किल्ली कुणाकडे असते, हे आधीच विचारून घ्या.

अर्ज निगमायुक्तांच्या नावे, दोन प्रतींत. एका प्रतीवर आवक शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या. त्यात प्रदर्शनाच्या दिवसांबरोबर मांडणीचा आधीचा एक दिवस आणि उतरवण्याचा नंतरचा एक दिवस मागा. हे दोन दिवस मागायचे राहून जातात आणि मग उद्घाटनाच्या सकाळी शिडीवर चढावं लागतं. चित्रांची संख्या, ती कशी टांगणार, किती वॅटचे दिवे लावणार आणि जबाबदार कोण, हेही लिहा. तोंडी होकारावर निमंत्रणपत्रिका छापू नका. साहेबांची बदली झाली की तो होकार त्यांच्याबरोबर जातो.

मग टेप घेऊन भिंत मोजा. ३० फुटांच्या भिंतीत दोन्ही कोपऱ्यांना दीड-दीड फूट सोडला की २७ उरतात. दोन फूट रुंदीची चित्रं आणि मध्ये एक फूट अंतर धरलं, तर नऊ चित्रं बसतात. दहावं कोंबलंत तर एकही चित्र नीट दिसणार नाही. प्रत्येक कलावंताला चारच चित्रं लावू द्यायची असतील तर ते आधी सांगा, मांडणीच्या दिवशी नव्हे.

जुन्या दगडी भिंतीला खिळा किंवा ड्रिल लावू नका. इंदूरचा गांधी हॉल १९०४ सालचा आहे. किंग एडवर्ड हॉल हे त्याचं आधीचं नाव १९४८ मध्ये बदललं. अशा वास्तूतला एक टवका पुन्हा भरून येत नाही. भिंतीवर टांगणीची पट्टी असेल तर ती वापरा, नसेल तर ८ बाय ४ फुटांचे प्लायचे पॅनेल भाड्याने आणा. एकटा पॅनेल मुलाच्या धक्क्यानेही पडतो. तीन-तीन पॅनेल बिजागरीने जोडून नागमोडी उभे करा आणि पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवा. लोकांच्या रांगेची आणि बाहेर पडायची वाट मात्र मोकळी हवी.

टांगणी हा सर्वांत नाजूक भाग. चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर ठेवा. हूक जमिनीपासून किती उंचीवर लावायचा याचा हिशेब असा: ५८ अधिक फ्रेमच्या उंचीचा अर्धा भाग, उणे ताणलेली तार फ्रेमच्या वरच्या कडेपासून जितकी खाली येते ते अंतर. फ्रेम ३६ इंचांची आणि तार ४ इंच खाली असेल तर ५८ + १८ − ४ = ७२ इंच. चित्र डोळ्यांच्या अंदाजाने लावलं की रांगेत वर-खाली होतं, आणि ते लगेच कळतं.

डी-रिंग, म्हणजे तार ओवायची D आकाराची कडी, फ्रेमच्या लाकडातच बसवा, मागच्या प्लायमध्ये नाही. वरून साधारण चौथा ते तिसरा हिस्सा सोडून लावा. त्याहून खाली गेली तर चित्र पुढे झुकतं. मासेमारीच्या नायलॉन दोरीची गाठ सुटते, म्हणून दीड मिलिमीटरची पिळाची स्टीलची तार घ्या. टांगण्यापूर्वी चित्राच्या दुप्पट वजन रात्रभर लटकवून पाहा.

ऑफिसातल्या ट्यूबलाइट काचेत जशाच्या तशा दिसतात. त्या शक्य तिथे बंद करून उभ्या रेषेपासून साधारण ३० अंशांत वाकवलेले, ४००० केल्व्हिनचे (ना फार पिवळे, ना फार निळसर) एलईडी दिवे लावा. जलरंगाला ५० लक्स (चित्रावर पडणाऱ्या उजेडाचं माप) पुरे, तैलचित्राला २०० पर्यंत चालतात. पश्चिमेच्या खिडकीसमोर जलरंग नकोच.

चित्राशेजारच्या चिठ्ठीवर नाव, माध्यम, आकार, वर्ष आणि चित्र कशाचं आहे ते एका वाक्यात. अक्षरं १८ पॉइंटची, हिंदी आणि मराठी दोन्ही. दाखल्यासाठी आलेल्या माणसाला ते एक वाक्यच थांबवतं. चित्रकार देवळालीकर मास्तरांनी १९२७ साली इथे चित्रकला शाळा काढली आणि तिच्यातून ना. श्री. बेंद्रे, एम. एफ. हुसेन हे चित्रकार घडले, हे एका फलकावर दाराशीच लिहा; आपल्या गावचं आहे म्हटलं की माणूस आत येतो.

प्रत्येक चित्राचे पुढून-मागून फोटो काढा आणि यादीच्या तीन प्रती करा. एक कलावंताला, एक कार्यालयाला, एक तुमच्याकडे. परत पाठवताना तैलचित्रावर आधी बटर पेपर, मग बबल रॅप, बुडबुडे बाहेरच्या बाजूला. बबल रॅप थेट रंगावर ठेवला तर उन्हात त्याचे ठसे उमटतात. शेवटचं चित्र उतरलं की रिकाम्या भिंतीचे फोटो काढा, इमारतीच्या प्रभारींची सही घ्या आणि त्याच दिवशी भरलेली अनामत रक्कम परत मिळण्याचा अर्ज द्या.